परसातल्या कलमाचं पान: दुखणं ओळखायचं कसं आणि करायचं काय

आंब्याच्या झाडावर कधीही बघा, एकाच फांदीवर दोन-तीन वयांची पानं असतात. शेंड्याला तांबूस, मऊ, लोंबती पालवी. त्यामागे यंदाची हिरवीगार पानं. आणि आत, खोडाच्या बाजूला, गेल्या वर्षीची जाड, काळपट हिरवी. पान बिघडलेलं दिसलं की पहिला प्रश्न हाच: बिघाड यातल्या कोणत्या पानांवर आहे? डागाचा रंग, आकार हे सगळं त्यानंतर. नव्या पानावरचं दुखणं वेगळ्या घरचं असतं, जुन्या पानावरचं वेगळ्या घरचं. एवढं नीट पाहिलं तरी निम्मे संशय तिथल्या तिथे गळून पडतात.

गुहागरच्या दक्षिणेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची रोपवाटिका आहे. कलमं नेलेली माणसं वर्ष-दोन वर्षांनी परत येतात ती बहुधा एकच वाक्य घेऊन: "पानं खराब झाल्येत, कसली फवारणी मारू?" शेजारच्या काकू तर गडग्यापलीकडूनच हाक मारतात, "अगो, कलमाला रोग पडलाय, काय ते औषध दे!" मी आधी झाड बघायला जाते. बहुतेक वेळा औषधाची गरज नसते. कोयता, कुदळ आणि थोडा धीर, एवढ्यावर काम होतं. जिथे औषध लागतं तिथे ते नेमकं आणि नेमक्या दिवशी लागतं.

हे सगळं मी लिहिते आहे ते घरामागे दोन-तीन कलमं, चार माड, पाच-दहा पोफळी आणि एखादी जायफळ असलेल्यांसाठी. शेकडो कलमांच्या बागायतदाराचं वेळापत्रक वेगळं असतं, त्याचं वर्षाचं पोट मोहोरावर आहे. आपल्या परसात विहीर पंधरा पावलांवर असते, गोठा लागून असतो, मुलं त्याच झाडाखाली खेळतात आणि वालीवर कपडे वाळत असतात. म्हणून बाजारात मिळेल ते औषध आणून मारणं इथे चालत नाही.

आधी जे दुखणं नाहीच ते बाजूला काढू. पालवी तांबूस किंवा जांभळट येते, ढिली लोंबते, आणि हळूहळू हिरवी होऊन ताठ होते. हा आंब्याचा स्वभाव आहे. कोकमाची कोवळी पानंही लालसर असतात. नवी पालवी फुटताना आतली जुनी पानं पिवळी होऊन गळतात, तेही ठीकच. पानं एकमेकांना शिवून केलेले हिरवे गोळे दिसले आणि त्यावर तांबड्या मुंग्या असल्या, तर ती ओंबील. चावते फार, पण ती अळ्या आणि भुंगे पकडून खाते. आंबे उतरवायला वर चढायचं असेल तेवढ्यापुरती घरटी काढा, एरवी राहू द्या. खोडावरचं पांढरट-हिरवट दगडफूल आणि शेवाळ झाडाला खात नाही, आपल्या हवेत दमटपणा आहे एवढंच ते सांगतं. आणि कलमाच्या जोडाच्या खालून एखादा फुटवा येऊन त्याची पानं वेगळीच दिसत असतील, तर तो खालच्या रायवळ, म्हणजे बाठीपासून उगवलेल्या, खुंटाचा फुटवा. तो मुळापाशी धरून काढून टाका, नाहीतर काही वर्षांनी तुमच्या हापूसच्या जागी रायवळ उभा असेल.

आता बघायचं कसं. सकाळी दव वाळल्यावर जा, उन्हं डोक्यावर यायच्या आत. पान वरून बघा, मग उलटं करा, कारण बऱ्याच किडी खालच्या बाजूला असतात. साधं भिंग मिळतं ते जवळ ठेवा. मग दोन पावलं मागे सरून झाड पूर्ण बघा: बिघाड सगळीकडे आहे की एकाच बाजूला? ती बाजू समुद्राकडची आहे, भिंतीकडची आहे की न्हाणीघराच्या सांडपाण्याकडची? एकाच फांदीवर आहे का? मग खाली जमिनीकडे बघा. पानांचे तुकडे, लाकडाचा भुसा, चिकट थेंब, काय पडलंय? आणि शेवटी आजूबाजूची दुसऱ्या जातीची झाडं बघा. ही शेवटची गोष्ट लोक करतच नाहीत, आणि तिच्यातच सगळ्यात जास्त कळतं. रोग आणि कीड निवडक असतात, आंब्याचा करपा शेजारच्या जास्वंदीला तसाच लागत नाही. आंबा, पेरू, जास्वंद आणि चाफा, सगळ्यांची पानं एकाच बाजूने एकाच आठवड्यात करपली असतील तर तो रोग नव्हे. वारा, मीठ, आग किंवा पाणी, यांतलं काहीतरी झालेलं असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं, तेव्हा आमच्याकडे समुद्राकडची पानं अशीच तपकिरी झाली होती. पुष्कळ जण बुरशीनाशक विचारायला आले. त्या झाडांना खरं तर गोड्या पाण्याने धुणं आणि नवीन पालवीची वाट पाहणं एवढंच हवं होतं. पातेरा, म्हणजे गळलेला पाला, झाडाखालीच पेटवला की खालच्या फांद्यांची पानं एका बाजूने अशीच होरपळतात. मिरगाच्या आधी अंगण साफ करताना हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं.

कोवळ्या पानावर काळे-तपकिरी डाग: करपा

कोकणात आंब्याच्या पानाचं खरं दुखणं हे. कोलेटोट्रायकम नावाची बुरशी. पालवी कोवळी असताना पाऊस, धुकं किंवा जड दव पडलं की पानावर छोटे तपकिरी, कोनेदार डाग येतात. डाग एकमेकांत मिसळतात, पान वेडंवाकडं होतं, डागाची जागा वाळून गळते आणि भोकं पडतात. लोक भोकं बघून अळी समजतात. ओळखायचं असं: अळीने खाल्लेल्या भोकाची कड हिरवी असते, करप्याच्या भोकाला तपकिरी, वाळलेली कड असते. पुढे हीच बुरशी मोहोर काळा करते आणि फळावर काळे ठिपके होऊन येते. म्हणून पानावर तिची सोय लावली तर आंब्याचीही लागते.

बुरशी राहते कुठे, हे कळलं की उपाय आपोआप कळतो. ती झाडावरच्या वाळक्या काटक्यांत आणि खाली पडलेल्या रोगट पानांत टिकून राहते. पावसाचे थेंब तिचे बीजाणू उडवून नव्या पानावर नेतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि परसातली कलमं घर, माड आणि गडगा यांच्यात कोंडलेली असतात. पान ओलं झालं की वाळतच नाही. म्हणून पहिलं औषध म्हणजे कात्री. फळं उतरली की लगेच, पाऊस धरायच्या आत, वाळक्या काटक्या, मोहोराचे वाळलेले दांडे आणि आतल्या एकमेकींत घुसलेल्या बारीक फांद्या काढा. झाडाच्या मधोमध उभं राहून वर पाहिलं तर आभाळ दिसायला हवं. करवतीचा काप गुळगुळीत ठेवा, खुंटी ठेवू नका. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद (तांब्याचं क्षार, कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. रोगट काटक्या झाडापासून लांब नेऊन जाळा, बाकीचा पातेरा खतात जाऊ द्या.

छाटणी झाल्यावर मग फवारणी, एक टक्का बोर्डो मिश्रणाची. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या द्राक्षबागांत मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे जगापुढे आणलं, आणि अजून ते आपल्या पोफळीच्या कोळेरोगापासून (पावसात सुपारी कुजवणारा रोग) आंब्याच्या करप्यापर्यंत चालतं. ते घरी करता येतं, स्वस्त आहे, पण घाईने केलं तर पान भाजतं. म्हणून सावकाश सांगते.

१० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना घ्या. चुना ताजा हवा. हवेत उघडा राहून भुगा झालेला चुना नको, त्याची ताकद गेलेली असते. प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या दोन भांड्यांत ५-५ लिटर पाणी घ्या. लोखंडी बादली अजिबात नको, मोरचूद तिला खातं. मोरचूद कापडाच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर एका भांड्यात टांगून ठेवा म्हणजे सकाळपर्यंत पूर्ण विरघळतं. दुसऱ्या भांड्यात चुना थोड्या पाण्याने विझवा, तो खदखदतो, तेव्हा तोंड लांब ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. निवला की उरलेलं पाणी घालून गाळून घ्या. दोन्ही गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, लाकडी काठीने ढवळत ढवळत. उलटं, म्हणजे चुना मोरचुदात, ओतू नका. छान आभाळी निळा रंग येतो. मग घासलेल्या लोखंडी सुरीचं पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून थोडं चुन्याचं पाणी घाला आणि पुन्हा तपासा. पातं जसंच्या तसं राहिलं की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते कामाचं राहत नाही.

परसात हे दोन वेळा पुरतं. एकदा छाटणीनंतर, पाऊस सुरू व्हायच्या आधी, पानांना वाळायला चार-सहा तास मिळतील अशा दिवशी. दुसऱ्यांदा पावसाळा सरल्यावर, नवी पालवी फुटायच्या आत. अगदी कोवळ्या पालवीवर आणि फुललेल्या मोहोरावर बोर्डो मारू नका. पालवी आल्यानंतरच करपा दिसला आणि ढगाळ हवा चालूच असेल, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम हे सौम्य पडतं. मात्र ज्या पानावर डाग पडलेत ते पान कोणत्याही औषधाने स्वच्छ होणार नाही. पुढची पालवी निरोगी आली की काम झालं असं समजा.

पानावर काजळी

हे दुखणं जितकं भयानक दिसतं तितकं ते नसतं, पण याचं मूळ शोधताना सगळ्यात जास्त गल्लत होते. पानाच्या वर काळा थर येतो आणि बोटाने घासला तर निघतो. ही बुरशी पानात शिरत नाही. पानावर साचलेल्या गोड चिकट्यावर ती वाढते. चिकटा कुठलीतरी रस शोषणारी कीड सोडते. म्हणजे काळ्या बुरशीवर बुरशीनाशक मारून उपयोग शून्य, चिकटा टाकणारा शोधायला हवा.

आंब्यावर तो बहुतेकदा तुडतुडा असतो, पाचरीच्या आकाराचा, तांदळाच्या दाण्याहून लहान. पालवीच्या आणि मोहोराच्या दिवसांत फांदी हलवली की झाडभर टकटक उड्यांचा आवाज येतो. एरवी ते खोडाच्या सालीच्या भेगांत दडून असतात, आणि दाट, काळोख्या झाडात त्यांची चैन असते. इथेही पहिला उपाय आतल्या फांद्या विरळ करणं. पानामागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा चिकटलेले तपकिरी खवले असतील, तर काळ्या मुंग्यांची रांग तुम्हाला थेट तिथवर नेईल. अशी पानं-डहाळ्या कापून टाका. थोड्याच असतील तर निंबोळी तेल १० लिटरला ५० मिलि, सोबत थोडा साधा साबण, संध्याकाळी पानाच्या खालून बसेल असं मारा.

पण आजकाल आमच्या भागात आंब्याच्या, केळीच्या, जायफळीच्या पानांवर जी काजळी दिसते तिचा चोर पुष्कळदा त्या झाडावर नसतोच. मान वर करा. वर माड असेल. त्याच्या झावळीच्या पात्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची वळणं-वळणं दिसतील, चकलीसारखी. ही रुगोज स्पायरलिंग पांढरी माशी. भारतात ती प्रथम २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीला सापडली आणि नंतर पश्चिम किनाऱ्यावर पसरली. माशी माडावर बसते, तिचा चिकटा खाली गळतो, आणि माडाखाली जे काही असेल ते काळं पडतं. खालच्या कलमाला कितीही औषध मारा, वरून गळती चालूच राहणार.

इथे माझं कळकळीचं सांगणं आहे की माडावर कडक कीटकनाशक मारू नका. या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी आहे, एन्कार्सिया ग्वाडेलूपी तिचं नाव, डोळ्यांना जेमतेम दिसते. तिनं पछाडलेली पिल्लं काळपट पडतात. भिंगातून झावळीवर अशी काळपट पिल्लं दिसली तर मदत पोचली आहे असं समजा. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेनेही हाच रस्ता सांगितला आहे: विषारी फवारणी टाळा, या मित्रकिडीला वाढू द्या, पिवळे चिकट सापळे लावा. औषध मारलं की आधी ती मरते आणि माशी मोकाट सुटते. काजळी काढण्यासाठी एक टक्का स्टार्चचं पाणी मारतात. घरी १०० ग्रॅम मैदा पाण्यात पातळ शिजवून, गाळून, १० लिटर करा आणि उघडिपीच्या दिवशी काळ्या पानांवर फवारा. ते उन्हात वाळलं की पापुद्रे होऊन काजळीसकट गळून पडतं. आणि पाऊस आला की तो स्वतःच पुष्कळ धुऊन नेतो, माशीही कमी होते. पांढरी वळणं असलेल्या झावळ्या तोडून दुसऱ्या गावाला नेऊ नका, रोपंही त्या काळात देऊ-घेऊ नका. अशा ने-आणीतूनच ती गावोगाव पोचते.

जुन्या पानांची टोकं आणि कडा जळलेल्या

नवी पानं ठीक, जुन्यांची टोकं मात्र तपकिरी, कड आतपर्यंत वाळत चाललेली. किनाऱ्यावर याला बहुतेकदा मीठ कारणीभूत असतं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात आणि आपण त्याच पाण्याने आळी भरत राहतो. पाणी जिभेवर घेऊन बघा. खारट लागलं तर लहान कलमांना ते देऊ नका. मोठं झाड त्या महिन्यांत पाण्याशिवायही तगतं. आळ्यात पातेऱ्याचा वीतभर थर घाला म्हणजे आहे ती ओल टिकेल, फक्त खोडाला तो टेकू देऊ नका. पावसाळ्यात जमिनीतलं मीठ धुऊन जातं आणि पुढची पानं बरी येतात. पालाशाच्या (पोटॅशच्या) कमतरतेनेही कडा अशाच जळतात, आणि आपल्या जांभ्या मातीतून पालाश पावसाबरोबर सहज वाहून जातो. पालाश द्यायचा तर किनाऱ्याजवळ म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, कारण म्युरेटमध्ये क्लोराइड असतं आणि तेच इथे आधीच जास्त आहे. सांडपाण्याची मोरी कलमाच्या मुळात सोडलेली असेल तर तीही वळवा, साबण-सोड्याचं पाणी तेच काम करतं.

माडाची खालची जुनी पानं पिवळी, आणि उन्हाकडची बाजू जास्त पिवळी, तर मॅग्नेशियम कमी आहे. वर्षाला एका माडाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आळ्यात द्या.

याच्या उलट, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह पोचत नाही. परसात याचं कारण बहुधा बांधकाम असतं. नवीन भिंत किंवा न्हाणीघर बांधलं, उरलेलं सिमेंट, चुना, गिलाव्याचा राडा कलमाच्या बुंध्यात लोटला. मातीत लोह भरपूर असूनही मग ते मुळाला घेता येत नाही. राडा उपसून काढा, आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत घाला, चुलीची राख वर्षभर तिथे टाकू नका.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये झाड सगळीकडून मलूल, पानं फिकी आणि गळती लागलेली दिसली तर मुळात पाणी साचलंय. कातळात खड्डा फोडून माती भरून लावलेल्या कलमांत हे फार दिसतं. खड्ड्याच्या तळाला फट नसेल तर सगळा पावसाळा मूळ पाण्यात बुडून राहतं. उताराच्या बाजूला छिन्नीने चर फोडून पाण्याला वाट करून द्या. हे काम कष्टाचं आहे, गडी लावावा लागतो, पण कुठल्याही खताने ते टळत नाही.

एकच फांदी वाळत चालली

बाकी झाड हिरवं आणि एका फांदीची पानं पिवळी होऊन वाळतायत, पण गळत नाहीत. अशा वेळी पानाकडे बघू नका, त्या फांदीच्या मुळाकडून खोडापर्यंत चाचपत या. भुसा किंवा चिकट रस दिसला तर भिरूड आहे. मोठी, पांढरी, जाड अळी आतून खोड पोखरते. हे परसातलं एकमेव पानाचं लक्षण आहे ज्यात मी 'आजच्या आज' म्हणते, कारण दुर्लक्ष झालं तर अख्खं झाड जातं. भोक सुरीने मोकळं करा, लवचिक तार घालून अळी ओढून काढा किंवा आतच मारा, रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारून ओल्या मातीने भोक लिंपा. आठवड्याने पुन्हा बघा, नवा भुसा आला तर पुन्हा तेच करा. भुसा नसेल आणि फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत येत असेल तर फांदीमर. निरोगी लाकडात वीतभर आत जाऊन कापा आणि बोर्डो पेस्ट लावा.

बाकीची दुखणी भराभर सांगते. पानावर मुरमासारख्या बारीक गाठी म्हणजे मिजमाशी. तिच्या अळ्या खाली पडून मातीत कोष करतात, म्हणून गाठींच्या डहाळ्या कापा आणि झाडाखालची माती हलकी उकरून उन्हाला दाखवा. पानं जाळीने एकत्र गुंडाळून वाळलेली म्हणजे जाळी करणारी अळी. आकडीने ती जाळी ओढून काढून जाळा. कोवळी पालवी कात्रीने कापल्यागत आडवी सरळ कापलेली आणि तुकडे खाली पडलेले दिसले तर तो पान कापणारा सोंडा. त्या पडलेल्या तुकड्यांतच त्याची अंडी असतात, रोज गोळा करून जाळले की काम झालं. शेंडा कोमेजून लोंबतोय आणि चिरल्यावर आत अळी आहे, तर तेवढा शेंडा कापा. पावसाळ्यात पानावर मखमली नारिंगी-तांबूस गोल ठिपके येतात ते एका शैवालाचे. तांबेऱ्यासारखे दिसतात पण जोरदार झाडाला फरक पडत नाही, वरचं बोर्डो त्यालाही चालतं. थंडीत कोवळ्या पानांवर आणि मोहोरावर पांढरी पूड म्हणजे भुरी. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम, सकाळी लवकर मारा, कडक उन्हात गंधकाने पान भाजतं. शेजारच्या काजूची नवी फूट काळी पडून वाळत असेल तर तो ढेकण्या, रस शोषणारी कीड. त्यावर लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल.

माडाच्या झावळ्या पंख्यासारख्या तिरक्या कापलेल्या येतात तो गेंड्या भुंगा. तो जन्मतो तुमच्याच शेणाच्या खड्ड्यात, तेव्हा खत उलथंपालथं करून पांढऱ्या जाड अळ्या वेचा. कोंबड्या असतील तर त्या आनंदाने हे काम करतात. वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू घाला, दीड महिन्याने पुन्हा.

फवारणी करायचीच झाली तर काही गोष्टी मी कुणालाही सोडू देत नाही. विहिरीवर पत्रा किंवा ताडपत्री टाका. गुरं, कोंबड्या, मुलं आत घ्या, वाळत घातलेले कपडे काढून घ्या. झाडाखाली अळू, वेल, भाजी असेल तर झाकून टाका आणि डब्यावर लिहिलेल्या दिवसांइतकी ती खाऊ नका. वारा पाठीवर घेऊन मारा, अंगभर कपडे, हातमोजे, तोंडावर फडकं आणि डोळ्याला चष्मा. मोहोर फुललेला असताना कीटकनाशक नको, कारण आंब्याचं परागण माश्या-कीटकच करतात, ते मेले तर फळ कुठून धरणार? दोन औषधं मनाने एकत्र करू नका, विशेषतः बोर्डो कशातही मिसळू नका. पंप धुतलेलं पाणी पाटात किंवा पऱ्ह्यात सोडू नका. आणि दुकानदाराने सुट्या बाटलीत काढून दिलेलं, नाव नसलेलं औषध घेऊ नका.

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर तज्ज्ञाला दाखवा, आपल्याकडे तशी सोय आहे. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र. जाताना एक वाळलेलं पान नेऊ नका. बिघडलेल्या आणि निरोगी भागाची सीमा दिसेल अशी वीतभर डहाळी घ्या, तिच्यावर कोवळी आणि जुनी दोन्ही पानं असू द्या. ती वर्तमानपत्रात कोरडी गुंडाळा, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रीत ती सडते आणि मग खरा रोग कोणता ते कुणालाच सांगता येत नाही. सोबत पूर्ण झाडाचा, बुंध्याचा आणि आजूबाजूचा फोटो ठेवा. कलम कोणत्या सालचं, बिघाड कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजूला सुरू झाला, गेल्या वर्षभरात काय खत घातलं, काय मारलं, जवळपास काही बांधकाम झालं का, हे एका कागदावर लिहून न्या. अर्धं निदान त्या कागदावरच होतं.